तालुक्याच्या बातमीदाराने डिजिटल कसं व्हावं: पायरीपायरीने

हा लेख तालुक्याला किंवा जिल्ह्याला बसून बातमीदारी करणाऱ्यांसाठी आहे. मुंबई-पुण्याच्या कचेरीत वेब डेस्क, व्हिडिओवाले, ग्राफिक्सवाले अशी वेगवेगळी माणसं असतात. तालुक्याला सगळं तुम्हीच. सकाळी अपघाताचा फोटो "आधी वेबला टाक", दुपारी त्याच बातमीचा उभा व्हिडिओ, संध्याकाळी पानासाठी तीनशे शब्द आणि मधल्या वेळात वाढदिवसाच्या पुरवणीच्या जाहिराती. मी दैनिकाचा तालुका प्रतिनिधी म्हणून हे सगळं केलंय. आता जास्त करून वेबसाठी लिहितो आणि नव्या मुलांना हाताशी घेतो. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, कुठलं ॲप घेऊ?"

ॲप शेवटी. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, तेव्हा टिकटॉकवर बातम्या देणाऱ्यांचा सगळा प्रेक्षक एका रात्रीत गेला. कागद स्कॅन करायला आपण सगळे वापरायचो ते कॅमस्कॅनरही त्याच यादीत होतं. ॲप येतील-जातील. मूळ कागदापर्यंत पोचता येणं आणि हाती आलेला पुरावा शाबूत ठेवता येणं, एवढं मात्र कुठल्याही कंपनीत गेलात तरी उपयोगी पडतं. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावलाय.

आधी जवळ काय हवं

- बऱ्यापैकी कॅमेऱ्याचा फोन, १२८ जीबी किंवा त्याहून जास्त जागेचा. नवाच हवा असं नाही.
- वायरचा कॉलर माइक, छोटा ट्रायपॉड, पॉवरबँक. पैसे थोडे असतील तर आधी माइक घ्या.
- लॅपटॉप, जुना चालेल. "फोनवर सगळं होतं" म्हणणाऱ्यांनी चारशे ओळींचा तक्ता फोनवर कधी तपासलेला नसतो.
- बाहेरची हार्ड डिस्क.
- फक्त कामासाठी वेगळा ईमेल.
- नियुक्तीपत्र, ओळखपत्र आणि मानधन जमा झाल्याच्या नोंदी, स्कॅन करून एका फोल्डरमध्ये. नियुक्तीपत्र नसेल तर निदान संपादकांचा तसा ईमेल मागून घ्या. अडचणीच्या दिवशी तोंडी ओळख कामाला येत नाही.

१. टायपिंग युनिकोडमध्येच करा

युनिकोड म्हणजे कुठल्याही फोनवर, संगणकावर मराठी तशीच उमटवणारी अक्षरांची पद्धत. अजूनही बरेच जुने सहकारी श्रीलिपी किंवा कृतीदेव या जुन्या फाँटमध्ये टाइप करतात. पानाला ते चालून जातं, कारण पान लावणाऱ्याकडे तोच फाँट असतो. वेबवर मात्र तो मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता गोंधळ असतो. गुगलला तो वाचता येत नाही, वाचकाला सापडत नाही, आणि पाच वर्षांनी तुम्हालाच तुमची बातमी शोधता येत नाही.

लॅपटॉपच्या भाषा सेटिंगमध्ये मराठी जोडा आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिका. फोनेटिकने, म्हणजे रोमनमध्ये टाइप करून मराठी उमटवण्याने, काम लवकर सुरू होतं. पण जोडाक्षरं, रफार आणि 'ॲ', 'ऑ' यांत वेळ जातो. इनस्क्रिप्टला पहिले काही आठवडे बोटं वैतागतात, मग वेग येतो. फोनवर जीबोर्डचं बोलून टाइप करणं मराठीत चांगलं चालतं. घटनास्थळावरून कच्चा मजकूर पाठवायला ते पुरतं, फक्त नावं आणि आकडे हाताने तपासा.

जुनी कात्रणं आणि फायली युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात. बदलल्यावर रफार आणि पहिली वेलांटी आधी तपासा, चुका तिथेच होतात.

२. मूळ कागदापर्यंत स्वतः पोचा

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, आणि यूट्यूबवरचे कोर्स विकणारे नेमका हाच गाळतात.

*शासन निर्णय.* व्हॉट्सॲपवर आलेला जीआर खरा की खोटा, हे कळायला कुणाला फोन करायची गरज नाही. जीआरच्या शेवटी एक वाक्य असतं: सदर शासन निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक अमुक आहे. तो आकडा संकेतस्थळावरच्या शासन निर्णयांच्या शोधात टाका. कागद सापडला तर उत्तम. तिथूनच तो उतरवून घ्या आणि दोन्ही कागद ओळ न् ओळ ताडून पाहा, कारण खऱ्या जीआरमधला एखादा परिच्छेद बदलूनही फिरवतात. सापडला नाही तर विभागाकडून खात्री होईपर्यंत बातमी थांबवा.

*ग्रामपंचायतीचा पैसा.* ई-ग्रामस्वराज पोर्टलवर जिल्हा, पंचायत समिती, ग्रामपंचायत असं निवडत गेलं की विकास आराखडा आणि खर्चाच्या नोंदी उघडतात. लॉगिन लागत नाही. समजा, एका गावातून गटाराच्या कामाची तक्रार आली. आधी ते काम आराखड्यात आहे का ते बघा. मग पैसा कुठल्या भागातून गेला ते बघा. १५व्या वित्त आयोगाच्या निधीचा ६० टक्के भाग २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित, म्हणजे फक्त त्याच कामांसाठी राखलेला होता, उरलेला अबंधित. बंधित निधीतून भलतंच काम झालं असेल तर बातमी तिथेच सुरू होते. त्यानंतर व्हाउचरची तारीख, रक्कम आणि पैसे कुणाला गेले ते उतरवून घ्या. एकाच पुरवठादाराचं नाव शेजारच्या चार गावांतही दिसतं का, बिलं मार्चअखेरीस गठ्ठ्याने निघालीत का, हे बघायला अर्धा तास लागतो. शेवटी गावात जा. काम सुरू असतानाचे फोटो कुणाच्या ना कुणाच्या फोनमध्ये तारखेसह असतातच. पैसे अदा झाल्याची तारीख आणि त्या फोटोंच्या तारखा शेजारी ठेवल्या की सरपंचांना विचारायचे प्रश्न आपोआप तयार होतात.

पोर्टलवरची नोंद म्हणजे अंतिम सत्य नव्हे. डेटा एंट्री उशिरा होते, कामाचं नाव चुकीचं पडतं. ग्रामसेवकांची बाजू घेतल्याशिवाय छापू नका.

*इतर ठिकाणं थोडक्यात.* निविदा महाटेंडर्सवर. न्यायालयातले खटले ई-कोर्ट्सवर. १६ अक्षरांचा सीएनआर, म्हणजे खटल्याचा ओळख क्रमांक एकदा मिळाला की पुढच्या तारखेसाठी वकिलांच्या मागे लागावं लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या आदेशानुसार संवेदनशील गुन्हे सोडून बाकी एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकायच्या असतात, अडचणीच्या भागात ७२ तासांत. "साहेब मीटिंगमध्ये आहेत" हे उत्तर मिळालं की आधी पोलिसांच्या पोर्टलवर बघा. लोकसभा-विधानसभेच्या उमेदवारांची शपथपत्रं निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर असतात. निवडणुकीच्या आधी उतरवून ठेवलीत तर पाच वर्षांनी संपत्तीची तुलना करता येते.

*माहिती अधिकार.* राज्य शासनाच्या बऱ्याच कार्यालयांसाठी अर्ज ऑनलाइन जातो, शुल्क १० रुपये. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एका विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत हवा. बरेच अर्ज इथेच फेटाळले जातात. "संपूर्ण माहिती द्यावी" असं लिहू नका. कुठल्या नोंदवहीची, कुठल्या कालावधीची प्रत हवी ते लिहा. उत्तराला ३० दिवसांची मुदत, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, कारण ती हुकली की कार्यालयाला आयतं निमित्त मिळतं. वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३च्या कायद्याने माहिती अधिकारातलं आठ-एक-जे कलम बदललं, त्यामुळे "वैयक्तिक माहिती" म्हणून नकार मिळणं सोपं झालंय. जनहित मोठं असेल तर माहिती देता येते असं सांगणारं कलम ८(२) मात्र कायम आहे. अपिलात त्याचा उल्लेख करा आणि जनहित कोणतं ते दोन ओळींत मांडा.

३. एक्सेल: गावाच्या नावापासून सुरुवात

सॉर्ट, फिल्टर, पिव्होट टेबल (गटवार बेरजा काढणारा तक्ता) आणि व्हीलुकअप (एका तक्त्यातली माहिती दुसऱ्याला जोडणारं सूत्र). एवढं आलं तरी जिल्ह्यात तुमच्या पुढे फारसे लोक नसतील. हे शिकवणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत. मराठी मुलखातला डेटा हाताळताना खरी अडचण कुठे येते ते मात्र त्यांत नसतं, म्हणून इथे देतो.

नावं जुळत नाहीत. २०११च्या जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांत बीडचं स्पेलिंग 'बिड', रायगडचं 'रायगढ', गोंदियाचं 'गोंडिया' अशा धर्तीवर आहे. त्यात औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव आणि अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. दोन तक्ते जोडायला गेलात की हे जिल्हे जुळत नाहीत आणि व्हीलुकअप त्यांच्यासमोर आकड्याऐवजी नुसतं #N/A दाखवून मोकळं होतं. उपाय असा की नावावर जोडायचंच नाही. केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक जिल्हा, तालुका आणि गावाला स्वतंत्र कोड आहे, त्यावर जोडा. बातम्या शोधतानाही जुनं आणि नवं, दोन्ही नावं टाका.

सीमाही बदलतात. जनगणनेत महाराष्ट्राचे ३५ जिल्हे आहेत, आज ३६. पालघर १ ऑगस्ट २०१४ला ठाण्यातून वेगळा झाला. त्यामुळे २०११चं ठाणे आणि आजचं ठाणे शेजारी ठेवून "घट" दाखवणारी बातमी चुकीचीच असणार.

आकडे मजकूर होऊन बसतात. देवनागरी अंकांत टाइप केलेली रक्कम एक्सेल बहुतेक वेळा संख्या मानत नाही आणि बेरीज शून्य येते. तक्त्यात इंग्रजी अंक ठेवा, छापताना बदला. तारखेतही दिवस-महिना उलटापालट होतो. १२ तारखेपर्यंतच्या तारखा नीट दिसतात म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

पीडीएफमधला तक्ता काढायला टॅब्युला हे फुकटचं साधन आहे. ते फक्त मजकूर निवडता येणाऱ्या पीडीएफवर चालतं. आपल्याकडे छापून, शिक्का मारून, पुन्हा स्कॅन करून अपलोड करायची सरकारी हौस आहे, तिथे आधी गुगल लेन्स किंवा गुगल ड्राइव्हने अक्षरं ओळखून घ्यावी लागतात. मग मूळ कागदावरची बेरीज तुमच्या बेरजेशी ताडून पाहा. आलेखासाठी डेटारॅपरची फुकट आवृत्ती भरपूर झाली.

४. फॉरवर्ड तपासणे

१ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. त्या काळात देशभर फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी एक कराचीतल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जनजागृतीची फिल्म होती. शेवटी मूल परत आणून ठेवतात आणि संदेश झळकतो, तेवढा भाग कापून तो 'आपल्या भागातला' म्हणून फिरवला गेला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. गावातला माणूस असा व्हिडिओ खात्री करायला आधी तुमच्याकडे पाठवतो, म्हणून हे हातात बसलेलं असावं.

फोटो असेल तर गुगल लेन्स आणि टिनआय दोन्हीवर टाका, तोच फोटो आधी कुठे आलाय ते ही साधनं शोधून देतात. टिनआयवर जुन्यात जुना आधी असं लावता येतं. व्हिडिओ असेल तर इनव्हिड-वीव्हेरिफाय हे ब्राउझरचं एक्स्टेंशन त्यातल्या मुख्य चौकटी सुट्या करून देतं, त्या एकेक करून शोधा. काहीच नाही सापडलं तर डोळे वापरा: दुकानाच्या पाट्या कुठल्या लिपीत आहेत, गाड्यांच्या नंबरप्लेट, स्टेअरिंग कुठल्या बाजूला, विजेचे खांब, पिकं. भर उन्हाळ्यातल्या 'कालच्या' व्हिडिओत भाताची लावणी चाललेली दिसली की प्रश्न पडलाच पाहिजे. मग त्या भागातल्या वार्ताहराला फोन करा. इतकी वर्षं जमवलेल्या ओळखी याहून चांगल्या कशाला वापरणार?

सापळा: खोटा व्हिडिओ 'हा खोटा आहे' म्हणून जसाच्या तसा ग्रुपवर टाकू नका. पुढे जाताना तुमची ओळ गळते आणि व्हिडिओ तेवढा फिरतो. स्क्रीनशॉट घ्या आणि त्यावर ठळक लिहा.

५. मोबाईलवर शूटिंग

शूट करण्याआधी फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर मंत्र्यांच्या बाइटमध्ये (कॅमेऱ्यापुढच्या बोलण्यात) गॅस एजन्सीचा फोन येतो. प्रत्येक शॉट दहा सेकंद स्थिर धरा. आधी लांबून, मग मधून, मग जवळून. डेस्कला आडवा हवा की उभा ते आधीच विचारा. आडव्याचा उभा करताना माणसाचा अर्धा चेहरा जातो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइटखाली ३० फ्रेमवर घेतलेलं चित्र लुकलुकतं. प्रो मोडमध्ये २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंदावर ठेवलं की ते थांबतं.

आवाज चित्राहून महत्त्वाचा आहे. हलणारं चित्र प्रेक्षक खपवून घेतो, ऐकूच न येणारी बाइट कुणी बघत नाही. बाइटच्या सुरुवातीला समोरच्याला नाव, गाव, पद बोलायला लावा. स्पेलिंगचा आणि "मी असं बोललोच नाही"चा, दोन्ही प्रश्न मिटतात.

लैंगिक गुन्ह्यांतल्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि मूल असेल तर पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचं कलम २३ लागतं. चेहरा धूसर केला की काम झालं असं समजू नका. मागची शाळेची पाटी, वडिलांचं नाव, वस्तीचं नाव, गल्लीतली ओळखीची टपरी यांवरून गावाला दोन मिनिटांत कळतं. अशा ठिकाणी लाइव्ह अजिबात करू नये. लाइव्हमध्ये काही कापता येत नाही.

६. पुरावा जपणे

मूळ फाइल कधीही कापू नका, प्रत काढून प्रतीवर काम करा. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातली वेळ, जागा आणि कॅमेऱ्याची माहिती निघून जाते. तक्रारदाराला सांगा, "डॉक्युमेंट म्हणून पाठवा." फोल्डरला वर्ष-महिना-दिवस, गाव, विषय असं नाव द्या म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते.

नेत्याची पोस्ट किंवा खात्याचं पान बातमीत वापरणार असाल तर वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या वेबॅक मशीन या संकेतस्थळावर जतन करून ठेवा, बातमी येण्याच्या आधी. नंतर ते पान बदललेलं किंवा उडालेलं असतं. नुसत्या स्क्रीनशॉटवर "एडिट केलाय" असा आरोप सहज होतो.

उद्या मानहानीची नोटीस आली आणि प्रकरण न्यायालयात गेलं, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची असते. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा अक्षर-आकड्यांचा ठसा. फाइलमध्ये एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो. तो काढून देणारी साधनं फुकट आहेत. मोठ्या बातमीची मूळ फाइल मिळाल्याच्या दिवशीच हॅश काढून स्वतःला ईमेल करून ठेवा. वकिलांचं निम्मं काम तिथेच होतं.

७. एआय

प्रेसनोटचा सारांश, लांब इंग्रजी अहवालात हवी ती जागा शोधणं, मुलाखतीचं कच्चं टायपिंग, एवढ्याला खुशाल वापरा. बातमी लिहून घेऊ नका. खेड पुण्यात आहे आणि रत्नागिरीतही, कर्जत रायगडात आहे आणि अहिल्यानगरातही. एआय यांची बेमालूम सरमिसळ करतं आणि वाक्य इतकं सफाईदार असतं की डेस्कलाही शंका येत नाही. न दिलेला आकडा उत्तरात दिसला तर तो काढून टाका. आणि गोपनीय सूत्राने दिलेला कागद कुठल्याही एआयवर चढवू नका, तो नक्की कुठे साठतो हे तुमच्या हातात नाही.

८. खाती सांभाळा

ईमेल, फेसबुक, यूट्यूब सगळ्यांना दोन टप्प्यांची पडताळणी लावा. व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन लावा. "कुरिअरवाला बोलतोय, स्टार ४०१ स्टार आणि हा नंबर डायल करा" असा फोन आला तर डायल करू नका. तुमचे कॉल त्याच्याकडे वळतात, ओटीपी फोनवरून ऐकून तो तुमचं व्हॉट्सॲप घेतो आणि तुमची सगळी सूत्रं त्याच्या हातात जातात. नाजूक बोलणं सिग्नल या ॲपवर, आपोआप पुसले जाणारे संदेश लावून. सूत्राचा नंबर खऱ्या नावाने जतन करू नका.

९. स्वतःचं पोर्टल किंवा चॅनेल काढताना

इथे फसवणूक फार आहे. "न्यूज पोर्टलचं सरकारी रजिस्ट्रेशन आणि प्रेस कार्ड" म्हणून काही हजार रुपये उकळणारे प्रत्येक जिल्ह्यात भेटतात. १८६७चा कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा लागू झाला. तो छापील नियतकालिकांसाठी आहे, वेबसाइट आणि यूट्यूब चॅनेल त्यात येत नाहीत. उद्यम नोंदणी हा व्यवसायाचा कागद आहे, पत्रकारितेचा परवाना नव्हे. अधिस्वीकृती पत्रिका, म्हणजे पत्रकाराचं सरकारमान्य ओळखपत्र, राज्याचं माहिती व जनसंपर्क महासंचालनालय देतं, कुठली 'आंतरराष्ट्रीय पत्रकार संघटना' नाही.

माहिती तंत्रज्ञानाचे २०२१चे नियम डिजिटल बातम्यांना लागू आहेत. तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क पोर्टलवर ठळक द्या, आलेली तक्रार १५ दिवसांत निकाली काढा, प्रकाशनाची माहिती केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाला कळवा. त्यातल्या आचारसंहितेच्या सक्तीला मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये अंतरिम स्थगिती दिली होती. ताजी स्थिती वकिलांकडून समजून घ्या.

यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायला १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलं जाणं लागतं. शॉर्ट्सचा हिशेब वेगळा. दुसऱ्या वाहिनीची किंवा वृत्तसंस्थेची दृश्यं उचलू नका. ९० दिवसांत कॉपीराइटचे तीन स्ट्राइक आले की चॅनेलच जाऊ शकतं. दुसऱ्याच्या पोर्टलला मजकूर देत असाल तर सुरुवातीलाच ईमेलवर लिहून घ्या: बातमीला किती, व्हिडिओला किती, पैसे कितव्या तारखेला, आणि नोटीस आली तर वकिलाचा खर्च कुणाचा.